गवताच्या मुळांशी साठलेला कार्बन

सासवड, सुपे किंवा इंदापूरच्या बाजूला एप्रिल महिन्यात गेल्यास रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाळलेल्या गवताचे पिवळे माळ पसरलेले दिसतात आणि पाहणाऱ्याच्या तोंडी ‘ओसाड’ हा शब्द आपसूक येतो. प्रत्यक्षात यांतील कितीतरी माळ कायद्याने वनजमीन आहेत आणि वन विभागाच्या ताब्यात आहेत. कागदावर वन आणि डोळ्यांना माळ, अशी ही स्थिती आहे. हवामानबदलाला आळा घालण्यासाठी आणि जैवविविधता राखण्यासाठी सरकारी वनांचे व्यवस्थापन कसे करावे, या प्रश्नाचे उत्तर जितके सोपे वाटते तितके ते का नाही, हे या माळांवर फार स्पष्टपणे समजते.

१९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने देशाचे एक तृतीयांश क्षेत्र वनांखाली किंवा वृक्षांखाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. पुढे २०१५ मध्ये, २०३० पर्यंत वने आणि वृक्ष वाढवून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषला जाईल इतकी अतिरिक्त क्षमता उभी करण्याचे वचन भारताने जगाला दिले. महाराष्ट्रानेही २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी झाडे लावण्याचा कार्यक्रम हाती घेतला. इतक्या झाडांना जागा कुठली? सह्याद्रीचा घाटमाथा मुळातच झाडीने भरलेला आणि शेतजमीन खासगी मालकीची. त्यामुळे पर्जन्यछायेतील ‘मोकळ्या’ वनजमिनींकडे नजर वळणे स्वाभाविक होते. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून केल्या जाणाऱ्या वनगणनेत एक हेक्टरपेक्षा मोठ्या जागेवर झाडांच्या छत्रीचे आच्छादन किमान १० टक्के असले की ती जागा वनाच्छादनात धरली जाते, मग ती झाडे कोणत्याही जातीची असोत. परिणामी परदेशी उंदीरमारीची, म्हणजेच गिरिपुष्पाची, एकसुरी लागवड गणनेत वन ठरते आणि शेकडो वर्षांचे निरोगी गवताळ रान त्याच गणनेतून वगळले जाते. हा दोष लागवड करणाऱ्या वनरक्षकाचा नसून मोजपट्टीचा आहे, असे माझे मत आहे.

कार्बनचा विचार केला तर झाड आपला मोठा वाटा खोडात आणि फांद्यांत, म्हणजे जमिनीच्या वर साठवते. कुसळी, मारवेल, पवना यांसारखी बहुवर्षायू गवते मात्र तो मुख्यतः मुळांत आणि त्या मुळांच्या आधारे मातीत साठवतात. गवताची बारीक मुळे सतत मरतात आणि नवी फुटतात; मेलेल्या मुळांतील कार्बनचा काही अंश मातीच्या कणांना चिकटून दीर्घकाळ तेथेच राहतो. वणवा लागला तर उभे झाड जळून त्याने साठवलेला कार्बन पुन्हा हवेत जातो, पण माळावरची आग वाळलेली पाती खाऊन पुढे सरकते आणि जमिनीखालचा साठा बहुतांशी शाबूत राहतो. पहिल्या पावसानंतर त्याच बुडख्यांतून हिरवे कोंब वर येतात. जेथे वर्षाला जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुरमावर वीतभर माती असते आणि दर काही वर्षांनी दुष्काळ ठरलेला असतो, तेथे जमिनीखालचा हा साठा अधिक भरवशाचा. शिवाय लागवडीसाठी सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे लांब खोदलेले चर, किंवा यंत्राने खड्डे खोदले की माती उघडी पडते, तिच्यातील सेंद्रिय पदार्थ कुजण्याचा वेग वाढतो आणि जो कार्बन साठवण्यासाठी हा खटाटोप केला त्यातलाच काही निसटतो.

जैवविविधतेचा हिशेब तर आणखी थेट आहे. लांडगा, खोकड, चिंकारा, काळवीट, धाविक, माळटिटवी आणि चंडोलांच्या अनेक जाती यांना दूरवर दिसणारी मोकळी जागा लागते; दाट लागवडीत त्यांचे काहीच चालत नाही. मूळचे मध्य अमेरिकेकडचे गिरिपुष्प शेंगवर्गीय असल्याने मातीत नत्राची भर घालते. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी हा गुण सोन्यासारखा आहे. परंतु माळावरच्या वनस्पती कमी नत्राच्या मातीत जगण्यासाठीच घडलेल्या असतात, आणि सावली व नत्र एकदम वाढले की त्या मागे पडतात.

येथे नेहमीचा आक्षेप असा असतो की हे माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचे अवशेष असून झाडे लावणे ही केवळ भरपाई आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या समजुतीची तपासणी चक्क जुन्या मराठी वाङ्मयातून केली. तेराव्या शतकापासूनच्या कथा, चरित्रे आणि ओव्यांमधील वनस्पतींचे व भूभागाचे उल्लेख त्यांनी गोळा केले, तेव्हा बाभूळ, तरटी अशा मोकळ्या, काटेरी रानातल्या वनस्पती त्यांत ठळकपणे आढळल्या. पश्चिम महाराष्ट्रातील गवताळ राने किमान साडेसातशे वर्षे जुनी आहेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

तरीही माळाला हात न लावणे म्हणजे व्यवस्थापन नव्हे. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते; त्यात गावे, शेती, रस्ते असे सारेच येत असल्याने ते पुढे सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. माळढोक मात्र तेथून जवळजवळ नाहीसा झाला. चराई पूर्ण बंद केली की गवत उंच आणि दाट होते, आणि ठेंगण्या गवतात वावरणाऱ्या पक्ष्यांना ते अडचणीचे ठरते. चराई अनिर्बंध झाली की गवताचे बूडच उखडते. पावसाळा संपल्यावर कोकणाकडे उतरणारे आणि पावसाच्या तोंडावर परतणारे धनगर या दोन टोकांमधला तोल पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले आहेत. त्यांच्याशी ठरवून फिरती चराई राखणे, आग पसरू नये म्हणून वेळेवर जाळरेषा, म्हणजे गवत काढलेले पट्टे, काढणे, परदेशी झाडे टप्प्याटप्प्याने हटवणे आणि हिवर, बोर यांसारखी माळावरची विरळ झाडे तशीच राहू देणे, ही कामे वन विभागाच्या आवाक्यातली आहेत. अडचण एवढीच की लावलेल्या रोपांची संख्या अहवालात लिहिता येते आणि न खोदलेल्या खड्ड्यांची लिहिता येत नाही. त्यासाठी मातीतील कार्बन ठरावीक वर्षांनी मोजून त्याचा आकडा वृक्षाच्छादनाशेजारच्या रकान्यात भरावा लागेल, आणि मातीचे नमुने घेण्याची ही पद्धत कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांना नवी नाही.