डी-डायमर वाढला म्हणजे गुठळी झालीच?

‘डी-डायमर वाढला, म्हणजे रक्तात गुठळी आहेच,’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. भीती वाटणं साहजिकच. पण ही चाचणी मोजते काय? फायब्रिनचं (रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांचं) जाळं विरघळताना रक्तात उतरणारे तुकडे. असं जाळं जखम भरताना, गरोदरपणात, जंतुसंसर्गात, शस्त्रक्रियेनंतरही विणलं-उसवलं जातं. म्हणून चाचणीचा खरा उपयोग उलटा आहे: लक्षणांवरून शक्यता कमी वाटत असेल आणि आकडाही कमी आला, तर गुठळी जवळपास नाहीच. वाढला, तर निवाडा डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) किंवा सीटी स्कॅनचा.

रिपोर्टवरचं एकक मात्र बघाच (हे सहसा कुणी बघत नाही). एफईयू आणि डीडीयू ही डी-डायमर मोजायची दोन एककं; एफईयूमधले 500 (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) म्हणजे डीडीयूमधले साधारण 250. शिवाय पन्नाशीनंतर बरेच डॉक्टर एफईयूची मर्यादा (जिच्या खालचा आकडा ‘कमी’ मानतात) वयाच्या दहापट धरतात. सत्तराव्या वर्षी 700.