पेस्ट कंट्रोल करून घेताना : पैसे कशाचे लागतात आणि लायसन का बघायचं

नमस्कार. आम्हाला फोन आला की पहिला प्रश्न असतो "किती घ्याल?" आणि दुसरा "औषधाला वास येतो का?", म्हणजे वास आला तरच काम नीट झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. पहिल्याचं उत्तर घर बघितल्याशिवाय देता येत नाही. दुसऱ्याचं सरळ आहे, वासाचा आणि कामाचा काही संबंध नाही, हल्लीची बरीच चांगली औषधं जवळपास बिनवासाची असतात. बाकीचं नीट समजावं म्हणून हे पत्रक लिहिलंय, कारण फोनवर घाईत सगळं सांगून होत नाही.

पैसे नेमके कशाचे

औषध हा खर्चाचा एक भाग झाला, पण खरे पैसे जातात ते बघण्यात आणि परत येण्यात. आमचा माणूस पहिल्यांदा येतो तेव्हा त्याच्या हातात पंप नसतो, टॉर्च असते. फ्रिजच्या मागे मोटरजवळ, सिंकखाली पाइप भिंतीत जातो तिथे, ट्रॉलीच्या चॅनलमागे, दाराच्या बिजागरीत, या जागा बघायलाच अर्धा पाऊण तास जातो आणि तो वेळ गेला पाहिजे. कीड कुठे राहते तेच कळलं नाही तर घरभर फवारून ती फक्त एका खोलीतून दुसरीत जाते.

झुरळांचंच घ्या. किचनमध्ये दिसतं ते लहान, तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा असलेलं, त्याला जर्मन झुरळ म्हणतात. त्याची मादी अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाला धरून फिरते, पिल्लं बाहेर यायच्या एकदोन दिवस आधीपर्यंत सोडतच नाही, आणि एका पिशवीत साधारण ३० ते ४० अंडी असतात. फवारलेलं औषध त्या पिशवीच्या आत पोचत नाही. मग होतं असं की फवारणीनंतर आठ दिवस घर एकदम शांत, आणि मग अचानक बारीक बारीक पिल्लं दिसायला लागतात आणि लोक म्हणतात औषध नकली होतं. नकली नव्हतं, दुसरी व्हिजिट झाली नव्हती. म्हणून आमच्या कोटेशनमध्ये दुसरी व्हिजिट आधीच धरलेली असते. कोणी खूपच कमी रेट सांगितला तर एवढंच विचारा की यात किती व्हिजिट आहेत, बहुतेक वेळा फरक तिथेच असतो.

जेलचं पण सांगून टाकतो कारण इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. जेल हे आमिष आहे, झुरळानं ते खायचं असतं. टाचणीच्या डोक्यापेक्षा जरा मोठे ठिपके, फटीच्या तोंडाशी, भरपूर ठिकाणी. खाल्लेलं झुरळ आपल्या बिळात जाऊन मरतं आणि त्याची विष्ठा, त्याचं मेलेलं अंग खाऊन बाकीची पण मरतात, त्यामुळे पहिले काही दिवस झुरळं उलट जास्त दिसली तर घाबरू नका. पण आम्ही गेल्यावर तुम्ही दुकानातून आणलेला स्प्रे त्याच फटीत मारला तर झुरळ जेलकडे फिरकणार नाही आणि तुमचे पैसे वाया जातील. प्लीज मारू नका. पंधरा दिवस धीर धरा, ठिपके पुसू नका.

मोठं तांबूस झुरळ, जे ड्रेनेजमधून येतं, त्याचं काम वेगळं. तिथे जाळी बसवणं आणि चेंबरची ट्रीटमेंट जास्त महत्त्वाची, किचनभर जेल लावून घ्यायची गरज नसते. घेऊ नका.

ढेकणांना सगळ्यात जास्त खर्च येतो आणि तो का ते पण सांगतो. अंडी ६ ते १० दिवसांत फुटतात, साध्या फवारणीला दाद देत नाहीत, आणि मोठा ढेकूण रक्त न पिता कित्येक महिने जगू शकतो, म्हणजे खोली बंद ठेवून ते उपाशी मरतील ही आशा सोडून द्या. एका घरी तीनदा फवारणी झाली होती (आमची नव्हे) तरी रोज रात्री चावतच होते. आम्ही पलंग सुटा केला तर डोक्याकडच्या फळीच्या स्क्रूच्या भोकात सापडले, भोवती काळे ठिपके, शाईचं पेन टेकवल्यासारखे. तीन वेळा कोणी पलंग खोललाच नव्हता. ढेकणांच्या कामात पलंग खोलायचे, गादीची शिवण न् शिवण बघायचे पैसे असतात. चादरी, कपडे ६० अंशाच्या गरम पाण्यात धुवायचं काम मात्र तुमच्याकडे, ते झालं नाही तर आमची ट्रीटमेंट पण अर्धीच.

वाळवीचा रेट खोल्यांवर नाही, भिंतीच्या लांबीवर किंवा जागेच्या क्षेत्रफळावर ठरतो, कारण जमिनीलगत ठरावीक अंतरावर ड्रिल मारून औषध सोडायचं असतं. पण त्याआधी ती वाळवीच आहे ना हे बघा! भिंतीवर मातीची बारीक नळी दिसली तर मधला इंचभर तुकडा मोडा आणि दोनतीन दिवसांनी बघा, परत बांधली असेल तर वाळवी आत चालू आहे. आणि फर्निचरखाली पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर बहुतेक लाकूड पोखरणारा भुंगा आहे, त्याला जमिनीत ड्रिल मारून काडीचाही उपयोग नाही, तिथे लाकडालाच ट्रीटमेंट द्यावी लागते. हे न बघता ड्रिल मारणारे भेटतात याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

उंदरांबद्दल थोडक्यात. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरच्या, लहान उंदीर आत येतो. फटी बुजवल्या नाहीत तर पिंजरे, ग्लू पॅड आयुष्यभर विकत घेत बसाल.

लायसन का विचारायचं

बहुतेक देशांत यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि लोक एकच समजतात. औषधाची सरकारकडे नोंदणी, फर्मला धंद्याचं लायसन, आणि प्रत्यक्ष फवारणाऱ्या माणसाचं ट्रेनिंग. दुकानाचं रजिस्ट्रेशन किंवा टॅक्सचा नंबर म्हणजे पेस्ट कंट्रोलचं लायसन नाही. कागद मागितला की त्यावर तीन गोष्टी बघा, नाव तेच आहे का, मुदत संपली नाही ना, आणि तुमच्या कामाचा प्रकार त्यात बसतो का. धुरी देण्याच्या म्हणजे फ्युमिगेशनच्या कामाला बऱ्याच ठिकाणी वेगळी परवानगी लागते, साधं लायसन चालत नाही.

यात आम्ही एवढे कडक का, तर ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांमुळे. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन हा विषारी गॅस सुटतो, तो बंद दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि त्यावर उतारा नाही. राहत्या घरात उंदीर किंवा ढेकणांसाठी कोणी या गोळ्या ठेवतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा, कितीही स्वस्त असू दे.

औषधाची बाटली सीलबंद आणि लेबलसकट बघायला मागा. आम्ही तुमच्यासमोरच पाणी मिसळतो. लेबलवर घरात वापरायची परवानगी लिहिलेली असली पाहिजे, शेतातलं औषध घरात नको. आणि "हर्बल आहे, काही होत नाही" यावर लगेच विसंबू नका. पायरेथ्रम शेवंतीच्या जातीच्या फुलांतूनच काढतात आणि तरीही ते कीटकनाशकच आहे, काळजी तीच घ्यायची.

पायरेथ्रॉइड औषधं, म्हणजे पायरेथ्रमच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेली, माशांना फार घातक, म्हणून घरात फिश टँक असेल तर आधी सांगा, तो नीट झाकून एअर पंप बंद ठेवावा लागतो. मांजर असेल तरी सांगा, त्यातलंच पर्मेथ्रिन मांजराला सोसत नाही. तान्हं बाळ, गरोदर बाई, दम्याचा पेशंट, हे तर आधी सांगाच, लपवू नका, आम्ही त्याप्रमाणे औषध आणि वेळ बदलतो. फवारणी पूर्ण वाळून, खिडक्या उघडून हवा खेळली की मगच आत यायचं.

काम झाल्यावर आम्ही एक कागद देतो, त्यावर औषधाचं नाव, किती टक्के, कुठे कुठे मारलं, तारीख आणि माणसाचं नाव असतं. कुठल्याही फर्मकडून हा कागद घ्या आणि सगळे पैसे आधीच देऊ नका. वॉरंटी तोंडी नको, लिहून घ्या, कोणत्या किडीसाठी आणि किती महिने ते पण.

फोन करायच्या आधी एक करा, मेलेलं झुरळ, गळलेले पंख किंवा तो भुसा चिमूटभर कागदाच्या पुडीत ठेवा, झाडून टाकू नका. ती पुडी बघितली की अर्ध्या शंका तिथेच मिटतात, आणि कधी कधी असं निघतं की ट्रीटमेंटची गरजच नाही, मग आम्ही तसं सांगतो आणि त्या व्हिजिटचे पैसे घेत नाही.