सगळे ग्लायडर पांढरेच का? फायबरच्या पंखांची मागची गोष्ट

कुठल्याही देशातल्या ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) क्लबचा फोटो बघा, सगळी मशीनं पांढरी. टोकाला एखादा लाल पट्टा, शेपटीवर नंबर, बास. भाचीने मला विचारलं, मामा, ही सगळी ॲम्ब्युलन्ससारखी का? तेव्हा मी आकाशात उठून दिसतात वगैरे काहीतरी ठोकून दिलं. खरं उत्तर रेझिनमध्ये, म्हणजे फायबरचं कापड घट्ट धरून ठेवणाऱ्या चिकट रसायनात आहे, आणि ते सांगायचं तर जरा मागून यावं लागतं.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीत इंजिनवाल्या विमानांवर बंधनं आली, मग पोरं बिनइंजिनाची विमानं घेऊन वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर जायला लागली, १९२० पासून तिथे स्पर्धाच सुरू झाल्या. इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये ‘आकाफ्लीग’ म्हणून विद्यार्थ्यांचे गट निघाले, स्वतः डिझाइन करायचं, स्वतः बांधायचं आणि स्वतःच उडवायचं. तेव्हा सगळं लाकडी. प्लायवूड, वर कापड, आणि जोडायला बऱ्याचदा केसीनचा गोंद, म्हणजे दुधातल्या प्रोटीनचा. त्याला ओल लागली की बुरशी धरते आणि सांधा सुटतो. आपल्याकडचा १९६१ चा रोहिणी ग्लायडरपण लाकडीच होता. पण लाकडाचं एक बरं असतं, ते बिघडताना सांगून बिघडतं. वास येतो, रंग काळपटतो, सुरीचं टोक दाबलं तर आत जातं.

मग फायबर कशाला आणलं? मजबुतीपेक्षा गुळगुळीतपणासाठी. पंखावरून हवा न फाटता, थर धरून वाहायला हवी असेल तर पंखाचा आकार मिलिमीटरच्या आतल्या हिशोबात अचूक लागतो, आणि लाकूड तर उन्हापावसात फुगतं, आक्रसतं, लाटा येतात. स्टुटगार्टच्या आकाफ्लीगमधल्या हेर्मान नेगेले आणि रिचर्ड एप्लर या मंडळींनी मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, काचेचं कापड आणि रेझिन, मध्ये बाल्साचं हलकं लाकूड असं सँडविच करून एफएस-२४ फिनिक्स बनवला, तो २७ नोव्हेंबर १९५७ ला उडाला. फायबरग्लासचा जगातला पहिला ग्लायडर. सात वर्षांत, १९६४ ला, ग्लासफ्ल्यूगेल कंपनीचा लिबेल हा फायबरचा ग्लायडर आला आणि मग लाकडी ग्लायडर बघता बघता स्पर्धांमधून बाद झाले.

आता पांढऱ्या रंगाचं. मी काही वर्षं एफआरपीच्या, म्हणजे फायबर-रेझिनच्या, कामात काढलीत, टाक्या, बोटींचे पार्ट असलं, त्यामुळे हे हातानेच शिकलो. रेझिन आणि त्याला घट्ट करणारं हार्डनर मिसळलं की ते स्वतःच तापतं. एकदा जेवायची सुट्टी झाली म्हणून अर्धा किलो मिश्रण डब्यातच ठेवून गेलो, परत येतो तर डबा धूर सोडतोय, प्लास्टिक वाकडं झालेलं आणि आत दगड. पण घट्ट झालं म्हणजे पूर्ण पक्कं झालं असं नसतं. रूम टेम्परेचरला बसलेला इपॉक्सी (रेझिनचाच एक प्रकार) पुढे गरम झाला की एका टप्प्याला मऊ पडायला लागतो, म्हणून ग्लायडर बनवणारे पार्ट नंतर मंद आचेवर तासन्‌तास भाजतात. तरीही त्या पिढीच्या ग्लायडरसाठी मजबुतीचा हिशोब ५४ अंश सेल्सिअसला धरलेला. उन्हात उभा असलेला पांढरा पंख या हिशोबात बसतो, तोच काळा किंवा गडद निळा केला तर बसत नाही. म्हणून पांढरा. आणि हौसेने वर जाड रंग चढवायचा म्हटलं तर दुसरं लफडं, शेपटीच्या आणि पंखाच्या हलत्या भागांचं वजन मोजून बॅलन्स केलेलं असतं, मागच्या कडेला थोडं वजन वाढलं तरी वेगात फडफड, म्हणजे फ्लटर, सुरू होऊ शकतं.

फायबर किती वर्षं टिकणार हे सुरुवातीला कोणालाच सांगता येईना, कारण जुना ग्लायडर नव्हताच. म्हणून आधी आयुष्य ३,००० तास धरलं, मग पंख मशीनवर लावून वरखाली वाकवत बसायच्या टेस्ट झाल्या, आणि तपासणी करत करत ६,०००, पुढे १२,००० तासांपर्यंत मुभा मिळत गेली. गंमत बघा, २०१० मध्ये ऑस्ट्रियात पंख तुटून जीव गेले तो ब्लानिक एल-१३ होता, धातूचा, आणि कारण धातूची थकवण, म्हणजे पुन्हापुन्हा ताण येऊन पडणारी भेग. काचेचा फायबर या बाबतीत धातूपेक्षा सरळ निघाला असं माझं मत.

फायबरचं दुखणं वेगळंच आहे, ते लपलेलं असतं. पंखाचे वरचे आणि खालचे कवच वेगवेगळ्या मोल्डमध्ये करतात, आत स्पार म्हणजे पंखाचा कणा, मग गोंद लावून दोन्ही मोल्ड पुस्तक मिटावं तसे एकावर एक बंद. बंद केल्यावर आत गोंद सगळीकडे पोचला का, कुठे पोकळी राहिली का, हे डोळ्याने दिसत नाही. २००३ मध्ये ड्युओ डिस्कस या दोन सीटच्या नावाजलेल्या ग्लायडरच्या स्पारमधलं हेच चिकटकाम तपासायचे आदेश निघाले. म्हणजे कॉलेजच्या पोरांचं शेडमधलं काम नव्हे, नामांकित कारखान्याचं. वर्कशॉपमध्ये याला सगळ्यात जुना उपाय म्हणजे नाणं. नाण्याने पृष्ठभागावर टकटक करत जायचं, ‘टण्‌ टण्‌’ येत असताना मध्येच ‘टप’ असा मेलेला आवाज आला की तिथे थर सुटलाय. मी रुपयाच्या नाण्याने टाक्यांवर हेच करायचो, सुपरवायझरला वाटायचं टाइमपास चाललाय. पण खोल आतल्या स्पारच्या सांध्यापर्यंत नाणं पोचत नाही हेपण खरं.

कार्बन आला १९७२ ला, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या विद्यार्थ्यांच्या एसबी-१० ग्लायडरमध्ये, २९ मीटर पंखविस्तार. काचेचा पंख बक्कळ वाकतो, कार्बन ताठ, त्यामुळे लांबच लांब सडपातळ पंख शक्य झाले. पण असं मशीन नाक खाली गेलं की पटकन वेग घेतं, ओढून धरणारं काही नसतंच. १३ जुलै १९९९ ला अमेरिकेत नेवाडातल्या मिंडेनजवळ निंबस-४डीएम या लांब पंखांच्या ग्लायडरचे पंख हवेत तुटले, आतले दोघेही गेले. चौकशीत निघालं की स्पिन किंवा स्पायरलमधून, म्हणजे गिरक्या घेत खाली जाण्यातून, बाहेर काढताना वेग मर्यादेपलीकडे गेला आणि स्टिक (कंट्रोलची दांडी) जास्त ओढली गेली. मटेरियल खराब नव्हतं. पण असे पंख बनवायची सोय या मटेरियलनेच दिली, हा संबंध मला तरी सोडवत नाही.

कार्बनचा अजून एक गुण म्हणजे धडकला की धातूसारखा चेपत नाही, तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांमध्ये पायलटचे पाय असतात. डिझायनर गेरहार्ड वाइबेलने १९८७ च्या एएसडब्ल्यू-२४ ग्लायडरमध्ये कॉकपिटच मुद्दाम मार सोसेल असं बांधलं.

आणि वीज. १७ एप्रिल १९९९ ला इंग्लंडमध्ये डन्स्टेबलजवळ एएसके-२१ या फायबरग्लासच्या शिकाऊ ग्लायडरवर वीज पडली. फायबरग्लासमधून करंट जात नाही, तो आतल्या कंट्रोलच्या ॲल्युमिनियम नळ्यांतून गेला, नळ्या चेपल्या, आतली हवा एका झटक्यात तापून फुगली आणि चिकटवलेली कवचं आतून फुटून उघडली. म्हणजे मोल्ड बंद करताना जे पुस्तक मिटलं होतं ते हवेतच उघडलं. इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थी दोघांच्या पाठीला पॅराशूट होतं म्हणून वाचले. ग्लायडरला विजेपासून संरक्षण असलं पाहिजे अशी अट तेव्हाच्या नियमात नव्हतीच.