एन्क्रिप्टेड पार्टिशन का उघडत नाही: क्रिप्टोलूपपासून लक्स-२ पर्यंत

लिनक्सवरचं एन्क्रिप्टेड पार्टिशन उघडेनासं झालं, की ते कोणत्या काळातलं आहे हे आधी पाहावं. प्रत्येक पिढीचं दुखणं वेगळं आहे.

सुरुवातीच्या क्रिप्टोलूप या एन्क्रिप्शन पद्धतीत सेक्टरचा (डिस्कच्या छोट्या तुकड्याचा) आयव्ही, म्हणजे एन्क्रिप्शन सुरू करायची संख्या, निव्वळ त्याच्या क्रमांकावरून ठरे. त्यामुळे मुद्दाम घडवलेली फाइल डिस्कवर आहे का, हे किल्लीशिवायही ओळखता येई. २००४ मध्ये कर्नल २.६.४ सोबत क्रिस्टोफ साऊट यांचं डीएम-क्रिप्ट हे कर्नलमधलं डिस्क एन्क्रिप्शन आलं. त्याच्या प्लेन मोडमध्ये डिस्कवर कसलीच नोंद राहत नाही. सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत), हॅश (पासफ्रेजपासून, म्हणजे परवलीच्या वाक्यापासून, किल्ली बनवायची पद्धत), किल्लीची लांबी दर वेळी आपणच सांगायची. यातलं काही चुकलं तरी मॅपिंग (उलगडलेलं आभासी उपकरण) बिनतक्रार तयार होतं आणि माउंट करताना फाइल सिस्टिम ओळखता येत नाही. हे आजही घडतं, कारण ही व्हॉल्यूम उघडणाऱ्या क्रिप्टसेटअप या साधनाच्या २.७ आवृत्तीत प्लेन मोडचे डिफॉल्ट बदलले. जुन्या व्हॉल्यूमसाठी सायफर एईएस-सीबीसी-ईएसएसआयव्ही आणि हॅश राइपएमडी-१६० असं स्पष्ट द्यावं लागतं.

ही नोंद डिस्कवरच ठेवायची, या विचारातून क्लेमेन्स फ्रुहविर्थ यांनी लक्स हे स्वरूप घडवलं; त्यात ती नोंद हेडरमध्ये असते. पासफ्रेजने डेटा एन्क्रिप्ट होत नाही, फक्त मास्टर की (डेटाची खरी किल्ली) उघडते. लक्स-१ मध्ये त्यासाठी ८ स्लॉट (कप्पे) असतात. प्रत्येक स्लॉटमध्ये ती की ४,००० पट पसरवलेली असते, म्हणजे ५१२ बिटांच्या कीसाठी २,५६,००० बाइट. स्लॉट पुसला तर त्याचा कुठलाही तुकडा हाती लागून उपयोग होऊ नये, हा त्यामागचा हेतू. पण हीच रचना अपघातात उलटते: एमके-स्वॅप (स्वॅप जागा बनवणारी आज्ञा) चुकून तिथे चाललं किंवा नवं पार्टिशन टेबल तिथे लिहिलं गेलं आणि एक सेक्टर जरी बिघडला, तरी तो स्लॉट गेला. स्लॉटला स्वतंत्र चेकसम नाही. म्हणून चुकलेला पासफ्रेज आणि बिघडलेला स्लॉट, दोन्हींना संदेश एकच येतो: ‘नो की अव्हेलेबल विथ धिस पासफ्रेज’. तो पाहून लगेच फॉरमॅट करू नये. बूटच्या वेळी कीबोर्डचा लेआउट बदललेला असतो, हे कारणही नेहमीचं आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये क्रिप्टसेटअप २.० सोबत लक्स-२ आलं आणि २०१९ मध्ये, २.१ पासून, तेच डिफॉल्ट झालं. त्यात हेडरच्या दोन प्रती असतात, पण स्लॉटमधला मजकूर एकदाच लिहिलेला असतो. दुसऱ्या प्रतीच्या भरवशावर राहू नका. क्रिप्टसेटअपच्या लक्स-हेडर-बॅकअप आज्ञेने हेडरची प्रत घ्या आणि ती फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवा.

लक्स-२ मध्ये पासफ्रेजपासून किल्ली बनवण्यासाठी (या पद्धतीला पीबीकेडीएफ म्हणतात) पीबीकेडीएफ-२ च्या जागी आर्गॉन-२ आलं. ते डिफॉल्टनुसार एका स्लॉटसाठी १ जीबीपर्यंत मेमरी मागू शकतं. मोठ्या मशीनवर बनवलेलं व्हॉल्यूम छोट्या बोर्डवर अडतं ते यामुळेच. २०२१ च्या ग्रब (कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर) २.०६ ने लक्स-२ स्वीकारलं, पण आर्गॉन-२ नाही. अशा ग्रबवर बूट पार्टिशनही आर्गॉन-२ ने एन्क्रिप्टेड असेल, तर गाडी कर्नलच्या आधीच थांबते. लाइव्ह यूएसबीवरून लक्स-डंप (हेडरची माहिती दाखवणारी आज्ञा) चालवून स्लॉटचा पीबीकेडीएफ बघा, हेडरचा बॅकअप घ्या, मग लक्स-कन्व्हर्ट-की वापरून तो स्लॉट पीबीकेडीएफ-२ वर आणा.