रस गुळवेलीचा, प्रश्न यकृताचा

सकाळी शिवाजी पार्काच्या कट्ट्यापाशी स्टीलच्या डब्यांतून कारलं, दुधी, गुळवेल यांचे रस विकायला असतात. परवा एका फलकावर नवी ओळ दिसली: ‘इम्युनिटी वाढवा, लिव्हर कॅन्सर टाळा.’ शेजारचे काका दुसरा ग्लास मागत होते. मी त्यांना पाच मिनिटं समजावलं. त्यांनी तेवढ्यात ग्लास संपवला.

काकांना अर्धवट राहिलेलं इथे पूर्ण करतो. यकृताच्या कर्करोगात प्रतिकारशक्ती बहुतेकदा कमी पडलेली नसते, तर वर्षानुवर्षं चुकीच्या पद्धतीने राबत असते.

यकृताला मिळणारं सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येतं. त्यात अन्नाचे अंश असतात, जिवाणूंचे तुकडेही असतात. यातल्या प्रत्येक परक्या रेणूवर हल्ला करायचा, तर रोजची भाजीपोळीच जिवावर बेतेल. त्यामुळे यकृताचा स्वभाव मुळात सोशिक. दादरच्या पुलावरचा टीसी सकाळी नऊ वाजता प्रत्येकाला अडवू लागला तर काय होईल, तसंच हे. इथला टीसी म्हणजे कुफर पेशी. रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून त्या जिवाणू आणि जुन्या लाल पेशी गिळत असतात. (१८७६ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ कुफर यांनी पाहिल्या त्या खरं तर शेजारच्या तारकापेशी होत्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.)

आता हेपॅटायटिस बीचा विषाणू घ्या. तो स्वतः यकृतपेशी फारशा मारत नाही. मारतात त्या आपल्याच टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे सैनिक, विषाणू शिरलेल्या पेशी हेरून. मेलेल्या पेशीची जागा भरायला शेजारची पेशी दुभंगते. दर वेळी डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. हे वीस-तीस वर्षं चाललं की चुका साचतात आणि एखादी पेशी बेलगाम वाढू लागते: तीच कर्करोगाची गाठ. दुसरीकडे तारकापेशी कोलॅजन या चिवट प्रथिनाचे धागे विणत सुटतात, यकृत निबर होतं. हाच सिरॉसिस. दारू आणि फॅटी लिव्हर यांचे रस्ते वेगळे, मुक्काम तोच.

मला भुरळ पडते ती पुढच्या टप्प्याची. गाठ रासायनिक हाका मारून रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशी बोलावते. त्या आत शिरून महाभक्षक पेशी बनतात. या पेशींकडे दोन कामं असतात: जंतू मारणं आणि जखम भरणं. गाठीतले संदेश त्यांना दुसऱ्या कामाला जुंपतात. मग त्या व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन सोडतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, गाठीला रसद मिळते. इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा ही निरोप्या प्रथिनं सोडून त्या टी-पेशींना थंड करतात. शिवाय अंगावर पीडी-एल१ हे प्रथिन मिरवतात. ते टी-पेशीवरच्या पीडी-१ या खटक्याला लागलं की टी-पेशी थांबते. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ हॅरल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये गाठीला ‘न भरणारी जखम’ म्हटलं होतं, ते किती चपखल आहे बघा.

पीडी-१ शोधणारे तासुकू होंजो २०१८ च्या नोबेलचे एक मानकरी. या खटक्याची वाट अडवणारं अॅटेझोलिझुमॅब आणि व्हीईजीएफ रोखणारं बेव्हासिझुमॅब ही औषधांची जोडी २०२० मध्ये प्रगत यकृत कर्करोगात सोराफेनिब या जुन्या औषधापेक्षा सरस ठरली. वर्षभरानंतर जगलेले रुग्ण सुमारे ६७ टक्के, सोराफेनिब घेणाऱ्यांत ५५. गाठ ठळकपणे आक्रसली ती मात्र साधारण चारातल्या एकाचीच, तेव्हा ‘कॅन्सरवर रामबाण’ छापाचे मथळे जरा जपून वाचावेत.

उंदरांचं उदाहरण तर काकांना मुद्दाम सांगायला हवं होतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुजलेलं फॅटी लिव्हर असलेल्या उंदरांची पीडी-१ ची वाट आधीच अडवली, म्हणजे प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढला. गाठी वाढल्या! मोकाट टी-पेशींनी यकृतच कुरतडलं होतं.

आणि गुळवेल? २०२१ मध्येच मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आजाराचं रूप बरंचसं ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखं, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटल्यासारखं. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य केला होता.

यकृताचा कर्करोग टाळणारा खराखुरा बूस्टर मात्र अस्तित्वात आहे. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना हेपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली. दहा-बारा वर्षांत तिथल्या ६ ते १४ वयाच्या मुलांमधलं या कर्करोगाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. आपल्याकडेही ही लस सरकारी रुग्णालयात जन्मल्यापासून २४ तासांच्या आत, फुकट टोचतात.