कॅथेप्सिन के

हाडातील कोलॅजन तोडणारे, सिस्टीन प्रोटिएज गटातील एक प्रथिन-विघटक विकर. पपईच्या चिकातले पपेनही याच कुळातले. माणसात या कुळातली अकरा कॅथेप्सिने आहेत. त्यांतली बहुतेक पेशीच्या आत, लायसोसोममध्ये राहून जुन्या प्रथिनांची विल्हेवाट लावतात. कॅथेप्सिन केचे नाव झाले ते पेशीबाहेरच्या, थेट हाडावरच्या कामामुळे. ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे अस्थिभंजक पेशी, ते मोठ्या प्रमाणावर तयार करतात. १९९० च्या दशकाच्या मध्यास ते अनेक प्रयोगशाळांच्या हाती जवळजवळ एकाच सुमारास लागले. त्यामुळे सुरुवातीच्या शोधनिबंधांत ओ, ओ२, एक्स अशी निराळी नावे भेटतात आणि वाचणाऱ्याची गडबड उडते.

प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी मोडून नव्याने घडतो. मोडण्याचे काम ऑस्टिओक्लास्टचे. ही पेशी हाडाच्या पृष्ठभागाला चिकटते, कडेने जागा घट्ट बंद करते आणि त्या बंदिस्त फटीत आम्ल सोडते. तिथला सामू ४.५ च्या आसपास उतरला की खनिज विरघळते आणि कोलॅजनचे तंतू उघडे पडतात. कोलॅजन म्हणजे तीन साखळ्यांचा घट्ट पीळ. बहुतेक प्रोटिएजची त्यापुढे मात्रा चालत नाही. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिएज गटातली कोलॅजनेज विकरे हा पीळ एका ठरावीक जागी कापतात. कॅथेप्सिन के तो अनेक ठिकाणी तोडते, तेही आम्लात. त्यासाठी त्याला कॉन्ड्रॉइटिन सल्फेटसारख्या शर्करा-साखळ्यांची साथ लागते. तुटलेल्या कोलॅजनचा सीटीएक्स हा तुकडा रक्तात उतरतो. हाडाची झीज किती वेगाने चालली आहे हे पाहायचे तर तोच मोजतात.

हे विकर नसेल तर काय होते, याचे उत्तर पिक्नोडिसोस्टोसिस या दुर्मीळ आनुवंशिक विकाराने दिले. मारोतो आणि लामी या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचे वर्णन १९६२ मध्ये केले. कॅथेप्सिन केच्या जनुकातील दोष हे त्याचे कारण १९९६ मध्ये उघड झाले. रुग्णाची उंची कमी राहते, टाळू नीट भरत नाही, बोटांची टोके आखूड असतात. हाडे दाट दिसतात, तरी सहज मोडतात. त्यांचे ऑस्टिओक्लास्ट खनिज व्यवस्थित विरघळवतात, पण उघडे पडलेले कोलॅजन तसेच पडून राहते. फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेक यालाही हाच विकार असावा असा मारोतो आणि लामी यांचा अंदाज होता. सिद्ध मात्र झालेला नाही.

ऑस्टिओपोरोसिसवर, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजारावर, हे विकर रोखून पाहण्याची कल्पना इथूनच बळावली. ती आकर्षक होती, कारण ऑस्टिओक्लास्ट जिवंत राहतो, केवळ त्याचे हत्यार बोथट होते, आणि नवे हाड घडण्यावर तितका परिणाम होत नाही. मर्क कंपनीच्या ओडानाकॅटिब या कॅथेप्सिन के रोखणाऱ्या औषधाची चाचणी रजोनिवृत्तीनंतरच्या १६,००० हून अधिक स्त्रियांवर झाली. अस्थिभंग घटले, पण पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला आणि २०१६ मध्ये औषध सोडून द्यावे लागले. त्याआधी बालिकॅटिब हे तशाच प्रकारचे औषध त्वचा कडक होण्याच्या तक्रारींमुळे मागे पडले होते. कॅथेप्सिन के त्वचेत आणि रक्तवाहिन्यांतही असते, हे या संदर्भात विसरून चालत नाही.

कर्करोगात या विकराची भूमिका बरीचशी अप्रत्यक्ष आहे. स्तन व प्रोस्टेट ग्रंथीचे कर्करोग हाडात पसरतात तेव्हा अर्बुदाच्या, म्हणजे कर्करोगाच्या गाठीच्या, पेशी हाड फारसे स्वतः खात नाहीत. त्या ऑस्टिओक्लास्टना कामाला लावतात. अर्बुदाच्या पेशींनी सोडलेल्या पीटीएचआरपी या प्रथिनामुळे हाड घडवणाऱ्या पेशी रँकएल हा संदेश वाढवतात आणि नवे ऑस्टिओक्लास्ट तयार होतात. हाड मोडताना त्यात साठलेला टीजीएफ-बीटा हा वाढ-घटक मोकळा होतो. तो अर्बुदाला आणखी पीटीएचआरपी सोडायला लावतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. आज तो तोडण्यासाठी रँकएलला अडवणारे डेनोसुमॅब आणि बिसफॉस्फोनेट गटातली औषधे वापरतात. स्तनाच्या कर्करोगाच्या काही पेशी स्वतःही कॅथेप्सिन के बनवतात. मूत्रपिंडाच्या काही विशिष्ट अर्बुदांच्या निदानात विकृतिशास्त्रज्ञ या विकराचे अभिरंजन करून, म्हणजे ते रंगवून, पाहतात.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील डीटर ब्रोमे यांच्या गटाने दुसरी वाट धरली आहे. विकराचे कापणारे केंद्र मोकळे ठेवायचे आणि कोलॅजनचा पीळ पकडायला लागणाऱ्या बाजूच्या जागाच अडवायच्या, म्हणजे त्याची बाकीची कामे चालू राहतील, असा हा विचार आहे.