मिसिंग व्हॅल्यूचे कारण एका पॅकेजमधून दुसऱ्यात नेताना: पार्श्वभूमी

नवी मुंबईच्या ऐरोली-दिघा पट्ट्यात घरभाड्याची पाहणी केली, असे समजू. भूसंपादनाच्या मोबदल्यात सिडकोकडून मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर स्वतः बांधलेल्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाला भाड्याचा प्रश्न लागूच होत नाही. रबाळ्यातील कारखान्याने दिलेल्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला पगारातून भाड्यापोटी नेमके किती कापले जाते ते ठाऊक नसते, आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार न करता राहणारा भाडेकरू आकडा सांगायचे टाळतो. तिन्ही ठिकाणी भाड्याच्या रकान्यात रक्कम नाही, म्हणजेच ती नोंद ‘मिसिंग’ आहे. तरीही सरासरी काढताना पहिल्याला वगळणे बरोबर ठरते, तर तिसऱ्यासारख्यांना सरसकट वगळल्यास निष्कर्ष एका बाजूला झुकण्याचा धोका असतो. एसपीएसएस, सास, स्टाटा आणि आर ही आकडेवारीच्या विश्लेषणाची संगणकीय पॅकेजे आहेत. फाइल एसपीएसएसमधून आरमध्ये किंवा सासमधून एसपीएसएसमध्ये गेल्यावर हा फरक टिकेल की नाही, हे बऱ्याच अंशी या पॅकेजांच्या जुन्या जडणघडणीवर अवलंबून आहे.

संगणकाला डेटा देण्यासाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या ऐंशी स्तंभांच्या छिद्रित पंचकार्डावर एकअंकी प्रश्नाला एक स्तंभ आणि दोनअंकी प्रश्नाला दोन स्तंभ मिळत असत, त्यामुळे ‘माहिती नाही’साठी 8 किंवा 98 आणि ‘नोंद नाही’साठी 9 किंवा 99 अशी सवय रुळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फाइलींत ती आजही दिसते. तेथे बालकांच्या वयानुसार उंचीचा झेड-स्कोअर (अपेक्षित उंचीपासूनचे अंतर, प्रमाण विचलनांत मोजलेले) शंभरने गुणून साठवलेला असतो. 9996 म्हणजे उंची संभाव्य मर्यादेबाहेर आणि 9998 म्हणजे संशयास्पद ठरवलेली नोंद. हे कोड आकडे समजून वाचले गेले, तर मूल सरासरीपेक्षा सुमारे शंभर प्रमाण विचलनांनी उंच ठरते.

1968 मध्ये आलेल्या एसपीएसएसच्या परंपरेत 99 हा आकडा आकडाच राहतो, आणि तो मिसिंग मानावा अशी सूचना चलाच्या (म्हणजे रकान्याच्या) वर्णनात वेगळी नोंदवली जाते. अशा सूचनेत जास्तीत जास्त तीन सुटी मूल्ये बसतात, किंवा एक सलग पट्टा आणि त्याशिवाय एक सुटे मूल्य. सासने कारण मूल्यातच ठेवले: साधे टिंब, टिंबापुढे अधोरेखा आणि टिंबापुढे ए ते झेड अशी संख्यात्मक मिसिंगची 28 रूपे तेथे आहेत. स्टाटामध्ये मात्र दीर्घकाळ एकच टिंब होते. 2003 च्या आठव्या आवृत्तीत आणखी 26 रूपे आली, आणि त्यांना जागा करून देण्यासाठी बाइट या सर्वांत छोट्या संख्याप्रकारातील सर्वांत मोठी संख्या 126 वरून 100 वर आणावी लागली. ‘टिंबाच्या बरोबर नाही’ अशी अट लिहिलेले जुने प्रोग्राम त्यानंतर नवी रूपे गाळेनासे झाले; ‘टिंबापेक्षा लहान’ असे लिहिणे भाग पडले. त्यातच सास मिसिंगला प्रत्येक संख्येहून लहान मानते, तर स्टाटा प्रत्येक संख्येहून मोठे. त्यामुळे ‘भाडे वीस हजारांपेक्षा जास्त’ ही अट स्टाटात नकार देणाऱ्यांनाही महागड्या घरांत बसवते, आणि ‘पाच हजारांपेक्षा कमी’ ही अट सासमध्ये त्यांनाच स्वस्त घरांत.

सर्वांत वादग्रस्त निर्णय मात्र पुढच्या काळातला, दुसऱ्याची फाइल आयात करणाऱ्या पॅकेजांच्या डीफॉल्टचा, म्हणजे न सांगता लागू होणाऱ्या निवडीचा, आहे. आरमध्ये मिसिंगची खूण म्हणजे एनए; दशांश संख्यांच्या रकान्यात ते प्रत्यक्षात विशिष्ट बिटरचनेचे ‘संख्या नाही’ असे मूल्य आहे, आणि त्या रचनेतील उरलेल्या बिटांत एक अक्षर लपवता येते. हेवन हे आरमधील पॅकेज सास आणि स्टाटाच्या फाइली वाचताना हीच युक्ती वापरते, म्हणून टिंबासोबतचे अक्षर शाबूत राहते. एसपीएसएसची फाइल तेच पॅकेज वाचते तेव्हा मात्र, युजर_एनए हा पर्याय स्वतःहून चालू केला नसेल तर, 97, 98 आणि 99 या सर्वांचे एकसारखे एनए होते. पायथन भाषेतील पायरीडस्टॅट या फाइली वाचणाऱ्या पॅकेजचे डीफॉल्टही तसेच आहे, आणि आरमधील जुन्या फॉरेन पॅकेजकडे डेटा फ्रेम मागितली की तेथेही हेच होत असे.

या निर्णयाचे समर्थन हलके नाही. नवख्या विश्लेषकाने 99 धरून सरासरी काढण्यापेक्षा एनए पाहून थबकणे चांगले, आणि मिसिंगची सूचना सोबत बाळगणारा रकाना आरमधील बहुतेक फंक्शनांना नीट समजत नाही. तरीही हानी दोन्ही बाजूंनी सारखी आहे, असे म्हणता येणार नाही. 99 ची सरासरीत झालेली भेसळ कमाल मूल्य पाहताच उघडी पडते; पुसलेले कारण कोठेच दिसत नाही. त्यावर कडी अशी की ‘99 = नकार’ हे लेबल वर्णनात तसेच उरते, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते की नकार कोणी दिलाच नाही. अशी फाइल पुन्हा एसपीएसएसमध्ये लिहिली, तर सगळी कारणे सिस्टिम-मिसिंग, म्हणजे कारण नसलेली रिकामी नोंद, होऊन परततात. सुरक्षितता हवीच होती तर वाचताना किती कोड पुसले, एवढी एक ओळ छापणे अवघड नव्हते.

लपवलेले अक्षरही भक्कम नाही. ते केवळ दशांश संख्यांच्या रकान्यात राहू शकते, पूर्णांकात किंवा मजकुरात नाही, आणि बेरीज-गुणाकारानंतर ते टिकेल याची हमी आर देत नाही. उलट्या दिशेची अडचण निराळी आहे: स्टाटात पाच वेगळी कारणे नोंदवली असतील, तर ती एसपीएसएसच्या तीन सुट्या मूल्यांत मावत नाहीत, म्हणून त्यांना -99 ते -95 असे लागोपाठचे कोड देऊन पट्टा जाहीर करावा लागतो. मजकुराच्या चलांना पट्टाही चालत नाही.

ठाण्यातील वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईतील महापे येथे औषधचाचण्यांचा डेटा हाताळणाऱ्यांना हा प्रश्न तुलनेने कमी छळतो. अमेरिकी औषध नियामकाकडे 1999 पासून सासच्या ट्रान्सपोर्ट स्वरूपात फाइली सादर होत आल्या आहेत. त्या स्वरूपात टिंबासोबतचे अक्षर पहिल्या बाइटमध्ये राहते, पण या क्षेत्रातील एसडीटीएम हे डेटा मांडणीचे मानक त्या अक्षरावर विसंबत नाही: चाचणी झाली नाही हे एका चलात आणि का झाली नाही हे दुसऱ्या चलात लिहिले जाते. असा मजकुराचा रकाना सीएसव्ही या साध्या मजकूर-फाइलीतूनही सुखरूप जातो, आणि रिकाम्या नोंदीचा एकच प्रकार ओळखणाऱ्या पार्केसारख्या नव्या फाइल-स्वरूपांतूनही. पाहण्यांच्या फाइलींना अशी शिस्त कोणी लावलेली नाही. तेथे कोणता कोड मिसिंग होता हे आजही बहुधा प्रश्नावलीच्या पीडीएफमध्ये शोधावे लागते.